साडेसदतीसची घंटा

३ नोव्हेंबर, मंगळवार

ही वही सर्व्हरच्या खोलीत ठेवायची असं ठरवलंय. खोली म्हणजे खरं तर जिन्याखालचं कपाट. न्हाणीघर सोडलं तर आतून कडी लागणारी या इमारतीतली ही एकच जागा. वर घर, खाली ऑफिस, मधे एकच जिना, आणि तो उतरतो नेमका दादांच्या टेबलासमोर. दादा म्हणजे माझे मोठे दीर आणि कंपनीचे मालक. मी भाजी आणायला निघाले तरी चष्म्यावरून बघतात आणि विचारतात, "कुठे?" चौदा वर्षं झाली, अजून कुणी "तू कुठे निघालास" असं त्यांना विचारलेलं ऐकलं नाही.

दिवसांआधी जन्मलेल्या बाळांना ज्या काचेच्या पेटीत ठेवतात, तिची नियंत्रणं आम्ही बनवतो. नवरा ती बसवतो आणि दुरुस्त करतो. आतला प्रोग्रॅम माझा. तो सगळाच्या सगळा माझा आहे, दुसऱ्या कुणाला त्यातली एक ओळ वाचता येत नाही. दादा हे पाहुण्यांना कौतुकाने सांगतात आणि मलाही आत कुठेतरी बरं वाटतं, खोटं कशाला बोलू.

काल एक काम चुटकीसरशी झालं, म्हणून आज मूड चांगला आहे. आमच्या पाच पेट्या असलेल्या रुग्णालयाला धोक्याची मर्यादा खाली आणायची होती. बाळाचं अंग अडतीस अंशांच्या वर तापलं की घंटा वाजायची, ती आता साडेसदतीसलाच वाजायला हवी. मी या कामावर आले तेव्हा आधीच्या माणसाने हा अडतीस सतरा ठिकाणी पेरून ठेवला होता. पडद्यावर अडतीस, घंटेत अडतीस, नोंदवहीत अडतीस. एक बदलायचा तर सतरा शोधा. मी 'मर्यादा' नावाचा एक क्लास, म्हणजे प्रोग्रॅममधला एक वेगळा कप्पा केला, सगळे न बदलणारे आकडे त्यात कॉन्स्टंट म्हणून नावानिशी बसवले आणि प्रोग्रॅमच्या इतर भागांना ताकीद दिली की कुणी स्वतःचा आकडा बाळगायचा नाही, लागेल तेव्हा 'मर्यादा'कडे मागायचा. त्यामुळे काल एकच ओळ बदलली. पडद्यावरच्या आकड्यांचा रंगही जरा गडद केला. त्या दोन फाइली कंपाइल करून पेनड्राइव्हवर दिल्या आणि नवऱ्याने जाऊन पाचही पेट्यांवर चढवल्या. बाकीच्यांना हात लावायचं कारणच नव्हतं. माझ्या टेबलावर सगळा प्रोग्रॅम नव्याने बांधून तपासला तेव्हा घंटा साडेसदतीसला बिनतक्रार वाजली.

तपासणी पत्रकं संपली होती. दादांनी दहा कोऱ्या कागदांवर माझ्या सह्या घेऊन ठेवल्या. वरचा मजकूर ते मागाहून टाइप करतात. दरवेळी सहीसाठी मला कामातून उठवायला नको, म्हणून ही सोय. एवढा विचार तरी करतात.

६ नोव्हेंबर, शुक्रवार

जाऊबाईंना, म्हणजे दादांच्या बायकोला, प्रोग्रॅमिंग शिकायचंय! मी त्यांना ताई म्हणते. वय त्रेपन्न. दुपारचे फोन, पत्रव्यवहार आणि फाइली त्या बघतात. मला वाटलं, मुलं परदेशी गेली, हात रिकामे झाले, विरंगुळा शोधतायत. म्हटलं, दुपारी अर्धा तास बसा माझ्याजवळ. दादांनी ऐकलं आणि हसले. "आता घरात दोन इंजिनीअर. जेवण कोण करणार?" ताई म्हणाल्या, "जो भुकेला असेल तो."

आज क्लास म्हणजे काय ते सांगितलं, मग कॉन्स्टंट. क्लासच्या आतच का ठेवायचे, नाव का द्यायचं, नुसता आकडा लिहून का चालत नाही. ताई चष्मा पुसून पुसून ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "आपला फोन नंबर बदलला तेव्हा मी दारावरची पाटी लगेच बदलून घेतली. पण ज्यांनी आधीच वहीत उतरवून ठेवला होता, ते वर्षभर जुन्याच नंबरवर लावत बसले. तसं नाही ना होत यात?"

मला हसू आवरेना. म्हटलं, "ताई, यात कुणी वहीत उतरवून घेत नाही. जो तो दरवेळी पाटीवर येऊन वाचतो. तीच तर त्याची गंमत आहे."

"दरवेळी?"

"दरवेळी."

"बरं," म्हणाल्या आणि वहीत लिहून घेतलं. बिचाऱ्या. या वयात शिकायचं म्हणजे सगळं डोक्यावरूनच जाणार.

९ नोव्हेंबर, सोमवार

बाळांच्या वॉर्डमधल्या मोठ्या सिस्टरचा फोन आला. ताईंनी घेतला आणि कागदावर लिहून माझ्या टेबलावर ठेवला. सिस्टरने तेवढ्यापुरत्या रिकाम्या असलेल्या एका पेटीची तापमानाची वायर कोमट पाण्यात बुडवून पाहिली. पडद्यावर "मर्यादा ३७.५" असं स्वच्छ दिसतंय. पाणी सदतीस पॉइंट सहा झालं, आठ झालं, यंत्र गप्प. अडतीसच्या वर गेलं तेव्हा घंटा झाली.

मी माझ्या टेबलावर पुन्हा करून पाहिलं. साडेसदतीसला वाजते. तीनदा केलं, तीनदा वाजली. दादांना तसं सांगितलं.

"म्हणजे तुझ्याकडून दोष नाही?"

"शक्यच नाही, दादा. आकडा एकाच ठिकाणी आहे. पडद्यावर साडेसदतीस दिसतंय म्हणजे घंटेलाही तेच कळलंय. बाईंच्या पाण्यातच काहीतरी गडबड असणार."

"मग तसंच कळवतो. त्या सिस्टरला यंत्रांत खोट काढायची हौसच आहे." पुढे म्हणाले, शेजारच्या मोठ्या रुग्णालयाची चाळीस पेट्यांची ऑर्डर या महिन्यात ठरायचीय, कागद स्वच्छ राहिले पाहिजेत.

ताई मागे उभ्या होत्या. म्हणाल्या, "तू स्वतः एकदा जाऊन का नाही बघत?" मी जाऊ शकत नाही हे त्यांना काय माहीत नाही? ग्राहकाशी फक्त दादा बोलतात. हा नियम माझ्या लग्नाच्या आधीपासूनचा आहे. ज्या पेट्यांचा प्रोग्रॅम मी लिहिते त्या वॉर्डात मी चौदा वर्षांत दोनदा गेलेय. एकदा उद्घाटनाला, आणि एकदा आमचंच बाळ चार दिवस तिथे होतं तेव्हा. ते राहिलं नाही. त्यावर आज लिहायचं नाही.

१० नोव्हेंबर, मंगळवार

विशेष काही नाही. ताई दुपारी शिकायला आल्या नाहीत, बराच वेळ फोनवर होत्या. बहिणीशी असेल. ऑफिसच्या वेळात इतका वेळ मी बोलले असते तर दादांनी घड्याळ बघितलं असतं.

१२ नोव्हेंबर, गुरुवार

आज ताईंनी विचारलं, "दोन तारखेच्या पत्रकावर तू सही केलीस तेव्हा वरचं लिहिलेलं होतं का गं?"

"नाही. कधीच नसतं. वेळ वाचतो."

"म्हणजे वर काय लिहिलंय ते तू वाचत नाहीस."

"मी तपासते ते मला माहीत असतं ना. मग कागद काय वेगळं सांगणार?"

त्यांनी वही उघडली. मग एकदम विचारलं, कंपाइल म्हणजे नक्की काय होतं. सांगितलं की आपण लिहितो ते माणसाला वाचता येणारं, यंत्राला वाचता येणारं त्यातून तयार करून घ्यायचं. "म्हणजे भाषांतर," ताई म्हणाल्या. "आणि एका फाइलीचं भाषांतर केलं की बाकीच्यांचं आपोआप होतं?" म्हटलं, गरज नसते, ज्यात बदल केला तेवढीच करायची. सारखे तेच ते प्रश्न विचारत होत्या. माझा संयम सुटत चालला होता, आवाजात आला असेल.

जेवताना दादांनी सगळ्यांसमोर विचारलं, ती सिस्टर पुन्हा बोलली तर काय सांगायचं? मी म्हटलं, सांगा की हे गणित आहे, इथे असं होऊच शकत नाही. नवरा कौतुकाने हसला. ताई पाण्याचा तांब्या भरायला उठल्या.

१४ नोव्हेंबर, शनिवार, सकाळ

घाईत लिहितेय, अक्षर वाईट येतंय.

ताई आल्या आणि म्हणाल्या, "माझं काहीतरी चुकलंय, जरा बघतेस?" त्यांनी घरच्या अभ्यासासाठी दोन छोट्या फाइली केल्या होत्या. एकीत क्लास, त्यात एकच कॉन्स्टंट, पाच. दुसरी फाइल तो कॉन्स्टंट मागते आणि पडद्यावर छापते. त्यांनी पाचचे सात केले, क्लासची फाइल कंपाइल केली, चालवलं. पडद्यावर पाच.

मी म्हटलं, "जुनीच फाइल चालवली असेल तुम्ही." त्यांनी माझ्यासमोर पुन्हा केलं. पाच. मी त्यांच्या हातून कीबोर्ड घेतला आणि स्वतः केलं. पाच. मग दुसरी फाइल कंपाइल केली. सात.

मला ठाऊक होतं हे. कॉलेजात शिकले होते, परीक्षेतही लिहिलं होतं बहुतेक. कॉन्स्टंट म्हणजे हा आकडा कधी बदलणार नाही असं आपण दिलेलं वचन. त्या वचनावर विसंबून कंपायलर, म्हणजे भाषांतर करणारा, नाव शिल्लक ठेवतच नाही, जिथे जिथे नाव दिसेल तिथे भाषांतर करतानाच आकडा छापून टाकतो. 'मर्यादा'कडे दरवेळी कुणीच येत नाही. घंटेची फाइल मी चार वर्षांपूर्वी कंपाइल केली आहे. तिच्यात अडतीस छापलेलं आहे, आणि मी क्लासमध्ये काहीही लिहिलं तरी ते तसंच राहणार. पडद्याची फाइल मी रंगासाठी कंपाइल केली म्हणून तिथे साडेसदतीस आलं. माझ्या टेबलावर सगळं नव्याने बांधलेलं, म्हणून माझ्याकडे वाजली. वॉर्डात गेल्या फक्त दोन फाइली.

आकडे बदलायचेच होते तर ते न बदलणारे म्हणून बांधले कशाला, एवढं साधं मला चौदा वर्षांत सुचलं नाही.

ताईंनी फक्त विचारलं, "चूक माझी होती की नव्हती?" मी म्हटलं, नव्हती.

१४ नोव्हेंबर, दुपार

दादांना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि दार लोटलं.

"किती वेळाचं काम आहे?"

"दहा मिनिटांचं. सगळं पुन्हा कंपाइल करून चढवायचं. पण आत्ताच्या आत्ता सिस्टरना फोन करायला हवा. तोवर बाळांचं तापमान हाताने मोजायला सांगायला हवं."

"सोमवारी पेट्यांची नेहमीची साफसफाई आहे. मी स्वतः जातो, सगळं बदलून येतो. कुणाला काही सांगायची गरज नाही."

"दोन दिवस, दादा."

"बारा दिवस काही झालं नाही, दोन दिवसांत काय होतंय?" मग मऊ आवाजात म्हणाले, "हे बघ, पत्रकावर सही तुझी आहे. सगळे भाग नव्याने बांधून तपासले असं लिहिलंय त्यात. मी तुलाच वाचवतोय."

असं लिहिलंय हे मला आत्ता कळलं. मी त्यांचे आभार मानले. खरंच मानले, हे लिहून ठेवते. वाटलं, घरचा माणूस आहे म्हणून पाठीशी घालतोय.

१५ नोव्हेंबर, रविवार

सकाळपासून जिना चार वेळा उतरले आणि चार वेळा चढले. दादा वर्तमानपत्र घेऊन आज खालीच बसलेत, सुट्टी असून.

नवऱ्याशी बोलले. तो म्हणाला, "दादा बघतोय ना." मग थोड्या वेळाने, "त्या दिवशी मलाही वाटलं होतं, दोनच फाइली कशा? पण म्हटलं, तुला जास्त कळतं." म्हटलं, मग विचारलं का नाहीस? तो उठून गेला. वाईट माणूस नाही. दादांसमोर तो कायम आठवीतला मुलगा असतो. आणि मी? मी तरी चाळिशी ओलांडून काय वेगळी आहे?

वॉर्डाचा नंबर माझ्याकडे नाही, तो दादांच्या वहीत असतो. कालपासून स्वतःला हेच सांगतेय. रुग्णालयाच्या चौकशीचा नंबर रस्त्यावरचा कुणीही शोधू शकतो. नंबर नाही हे कारण नाहीच. सांगितलं तर चाळीस पेट्या जातील, दादा जन्मात बोलणार नाहीत, नवरा मान खाली घालून फिरेल, आणि मला राहायचंय याच छपराखाली, जेवायचंय याच टेबलावर. दुसरीकडे नोकरी शोधावी तर दाखवायला काय आहे? चौदा वर्षं घरच्यांकडे. दार उघडं आहे आणि बाहेर पडता येत नाही, अशी माझी गत.

आणि त्या पेट्यांत पाच बाळं आहेत. त्यातल्या एखाद्याची आई आत्ता काचेवर हात ठेवून पडद्यावरचा तो साडेसदतीस वाचत असेल आणि तिला धीर येत असेल. तो आकडा मी लिहिलाय.

अकरा वाजले. इथूनच लावते फोन.

१५ नोव्हेंबर, बारा वाजता

चौकशीतून वॉर्डात जोडून दिलं. मोठ्या सिस्टरच होत्या. मी कोण ते सांगितलं आणि एका दमात बोलून टाकलं, मधे थांबले असते तर जमलं नसतं. घंटेवर विसंबू नका, पडद्यावरचा आकडा खोटा आहे, घंटा अजून अडतीसलाच वाजते, चूक माझी आहे, मी नवा प्रोग्रॅम घेऊन येते, तोवर सगळ्या बाळांना हाताने मोजा.

मग सिस्टर म्हणाल्या, "मोजतोय आम्ही. मंगळवारपासून. दर अर्ध्या तासाला, पाचही."

मला कळेना. म्हटलं, "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तुमच्याकडच्या एका बाईंचा फोन आला होता. म्हणाल्या, मला यातलं अजून नीट समजत नाही, पण तुम्ही पाण्यात पाहिलंत ते खरंच असणार. यंत्रावर विश्वास ठेवू नका. आमच्या धाकटीला अजून कळलेलं नाही, कळलं की ती स्वतः तुम्हाला फोन करेल." पुढे म्हणाल्या, "रोज वाट बघत होते तुमची."

मी विचारलं, कुणाला काही झालं का.

"गुरुवारी दुपारी तीन नंबरच्या पेटीत सदतीस पॉइंट आठ झालं होतं. यंत्र गप्प. आमच्या मुलीने हाताने मोजलं म्हणून सापडलं. आता ठीक आहे. मॅडम, माझ्या मुलींची झोप उडालीय पाच दिवस. लवकर या."

गुरुवारी. गुरुवारी मी जेवणाच्या टेबलावर सांगत होते की असं होऊच शकत नाही.

१७ नोव्हेंबर, मंगळवार

रविवारीच गेले. दादांनी विचारलं, "कुठे?" मी सांगितलं. ते उठून उभे राहिले, पण आडवे आले नाहीत. सगळे भाग नव्याने बांधून पाचही पेट्यांवर चढवले, आणि सिस्टरनी प्रत्येक पेटीची वायर कोमट पाण्यात बुडवली. पाचही साडेसदतीसला वाजल्या. एक शिकाऊ नर्स भिंतीला टेकून रडायला लागली, दमून. काल दिवसभर 'मर्यादा' क्लास मोडून नवीन लिहिला. जे खरोखर बदलत नाही तेवढंच त्यात ठेवलं. फार थोडं उरलं.

आज रुग्णालयाकडून पत्र आलं. गुरुवारी चौकशी. दादांनी त्यांना दोन तारखेचं पत्रक देऊन ठेवलंय, सगळे भाग नव्याने बांधून तपासले, खाली माझी सही. म्हणजे मी नुसती चुकले नाही, खोटंही लिहून दिलं. मला वाचवत होते म्हणे. नवरा खिडकीशी उभा राहून बाहेर बघत राहिला.

ताईंना स्वयंपाकघरात गाठलं. त्या भाजी चिरत होत्या. विचारलं, "तुम्हाला मंगळवारीच कळलं होतं?"

"कळलं कसलं. त्या बाई खोटं का बोलतील, एवढंच वाटलं. शिकत होते ना मी."

"शिकायलाच का बसलात?"

"तुझ्या सहीच्या वर जे लिहिलं जातं, ते मीच फाइलीला लावते. दोन वर्षं लावतेय. वाचायचे, पण कळायचं नाही की ते खरं आहे का. म्हटलं शिकून घ्यावं."

"आणि मला सरळ का नाही सांगितलंत?"

"पाटीचं सांगितलं की. हसलीस."

मला रडू आलं. ताईंनी सुरी खाली ठेवली नाही, पण चिरणं थांबवलं. म्हणाल्या, "गुरुवारी मी येतेय तुझ्याबरोबर. सही घेतली तेव्हा कागद कोरे होते, हे मी सांगणार."

"दादांना?"

"सकाळीच सांगितलं."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, हे बोलून झाल्यावर दोघी परत कुठे येणार आहात?" ताईंनी पुन्हा भाजी चिरायला घेतली. "म्हटलं, इथेच. जेवायच्या वेळेपर्यंत येऊ."